पालीचा रस्ता आणि उपचारांचे वेळापत्रक

धुळे-सोलापूर महामार्गावर, बीडच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर पाली हे गाव आहे. कर्करोगाच्या उपचारांसाठी येथून निघायचे तर आज उत्तरेला छत्रपती संभाजीनगर आहे, दक्षिणेला येरमाळ्यावरून बार्शी. ही निवड फार जुनी नाही. परळचे टाटा रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. संभाजीनगरचे (तेव्हाच्या औरंगाबादचे) शासकीय कर्करोग रुग्णालय तर 2012 मधले. कर्करोगाचा इतिहास आपल्याकडे यंत्रे आणि औषधे यांच्या अंगाने लिहिला जातो. मराठवाड्यापुरता तो प्रवासाच्या अंगाने लिहावा, असे आम्हांला वाटते.

शस्त्रक्रियेसाठी एकदा जाऊन येता येते. किरणोपचारांचे तसे नाही: आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे, रोज काही मिनिटे. त्या काही मिनिटांसाठी यंत्राशेजारी बिऱ्हाड थाटावे लागते. केमोचे चक्र बहुधा तीन आठवड्यांचे. परतीच्या एसटीत मळमळ, पुढच्या पंधरवड्यात पांढऱ्या पेशी उतरलेल्या, आणि तेवढ्यात ताप आला तर पुन्हा तोच रस्ता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सारे किरणोपचार आठ आठवड्यांच्या आत संपावेत असा दंडक आहे. खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात. रेल्वे कर्करुग्णाला शयनयानात भाडे पूर्ण माफ करते. (बीड शहरात प्रवासी गाडी पोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी!)

या इतिहासात बार्शीचे स्थान वेगळे आहे. डॉ. भगवान नेने यांच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने तेथे 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम, परंडा या तालुक्यांत रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नव्हते. तेव्हा नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव जाऊ लागले. पुढे 1999 मध्ये उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: एचपीव्हीची चाचणी एकदाच केली, तरी आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. प्रवासाची दिशा येथे उलटली होती. चाचणी बाईच्या गावात गेली होती.

जिल्ह्याची हद्द ओलांडून बीडमध्ये आलो की चित्र पालटते. येथल्या लाखो माणसांचा पत्ताच अर्धे वर्ष ठाव बदलतो. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, ते उन्हाळ्यातच परततात. तीन आठवड्यांच्या फेऱ्या आणि आठ आठवड्यांचा दंडक या वेळापत्रकात बसवायचा कोठे? खाडा झाला तर मजुरी बुडते, वर दंड. 2019 मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला: बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. त्यांतल्या अनेकींनी सांगितलेले कारण एकच होते. पोटात दुखते म्हणून त्या दवाखान्यात गेल्या, आणि पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल असे त्यांना सांगण्यात आले. ज्या चाचणीने ते खरे-खोटे ठरले असते, ती शेजारच्या जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वीच पुरती पारखली गेली होती.