विज्ञानशिक्षण, इंग्रजी माध्यमातील : सातारा व सांगली

मराठीतून शालेय शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांस महाविद्यालयात इंग्रजीतून विज्ञान शिकविण्याची पद्धती. सातारा व सांगली या जिल्ह्यांत तिचा इतिहास सु. शंभर वर्षांचा आहे.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये सांगली येथे विलिंग्डन महाविद्यालय स्थापन केले. त्या काळी माध्यमिक शाळांच्या वरच्या इयत्तांत इंग्रजी हेच प्रमुख माध्यम असल्याने महाविद्यालयात येणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांना माध्यमबदल फारसा जाणवत नसे. पुढे माध्यमिक शिक्षण मराठीतून होऊ लागले; स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचे अध्यापनही आठव्या इयत्तेपासून सुरू होऊ लागले. याच सुमारास उच्च शिक्षण ग्रामीण भागात पोहोचले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात ‘कमवा व शिका’ तत्त्वावर छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षणाची दारे उघडली. विज्ञानाच्या पदवी परीक्षेची भाषा मात्र इंग्रजीच राहिली.

ही अडचण केवळ पारिभाषिक संज्ञांची नाही. ‘त्वरण’ऐवजी ‘अ‍ॅक्सिलरेशन’ हा शब्द थोड्या सरावाने अंगवळणी पडतो. व्यवहारातील शब्द शास्त्रीय अर्थाने येतो, तेथे अधिक घोटाळा होतो. मराठीत ‘काम’ व ‘कार्य’ हे शब्द वेगळे असल्याने डोक्यावर ओझे घेऊन स्थिर उभा राहिलेला मनुष्य त्या ओझ्यावर भौतिकीय कार्य करीत नाही, हे सांगणे सोपे जाते. इंग्रजीत दोहोंस ‘वर्क’ हा एकच शब्द आहे. शिवाय सिद्धता मांडणे, प्रयोगाचा निष्कर्ष लिहिणे यांसाठी सलग वाक्यरचना लागते. ती न साधल्यास विषय समजलेला विद्यार्थीही पाठांतराकडे वळतो आणि भाषेतील उणीव विषयातील उणीव ठरते.

यातून इंग्रजी संज्ञा, मराठी विवरण व इंग्रजी उत्तरपत्रिका अशी मिश्र रीत वर्गांत रूढ झाली. सातारा जिल्ह्यातीलच वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य झाले. त्याचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये, तर पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून मराठीची शास्त्रीय अभिव्यक्तिक्षमता सिद्ध झाली, तरी परीक्षेचे माध्यम बदलले नाही. २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात मातृभाषेच्या वापरास उत्तेजन दिले आहे. तथापि ज्यांच्या घरात प्रथमच कोणी महाविद्यालयात जात आहे, अशा विद्यार्थ्यांना वर्गातील मराठी विवरण हाच विज्ञानाकडे नेणारा मुख्य पूल ठरतो.