गिलाव्यावरचे चार खंड

इंग्लंडच्या पूर्व भागात इप्सविच हे बंदराचे गाव आहे. तेथील बटरमार्केट या रस्त्यावर ‘एन्शंट हाऊस’, म्हणजे पुरातन घर, या नावाची इमारत उभी आहे. तिचा सर्वांत जुना भाग 15व्या शतकातला. 17व्या शतकात ती स्पॅरो या व्यापारी घराण्याकडे होती. 20व्या शतकात तेथे पुस्तकांचे दुकान चाले. पुढे स्वयंपाकघरातील वस्तूंचे दुकान आले. अशी इमारत इतिहासाचे साधन म्हणून कशी वाचायची, ते पाहू.

सुरुवात सांगाड्यापासून करू. हे घर लाकडी सांगाड्याचे आहे. छपराचे आणि मजल्यांचे वजन तुळयांवरून खांबांवर व खांबांवरून जमिनीत जाते. खांबांमधली भिंत नुसती भरण असते. ती काढून मोठी खिडकी बसवली तरी सांगाडा ढळत नाही. अशा घरांची दुकाने होणे सोपे गेले, त्याचे एक कारण हे आहे.

आता दर्शनी भाग पाहू. त्यावर चुन्याच्या गिलाव्यात उठावाची चित्रे आहेत. या कामाला इंग्रजीत ‘पार्जेटिंग’ म्हणतात. चुना, वाळू आणि जनावरांचे केस एकत्र मळून गिलावा ओला असतानाच आकार देतात. केसांमुळे त्याला भेगा कमी पडतात. भिजवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण वर्गात करतो. तीच रासायनिक क्रिया येथे भिंतीवर घडलेली आहे.

हा गिलावा केव्हाचा? त्यावर दुसऱ्या चार्ल्स राजाचे राजचिन्ह आहे. हा राजा 1660 साली गादीवर परतला आणि 1685 साली वारला. म्हणजे दर्शनी भाग आतल्या जुन्या सांगाड्याहून दीडशेहून अधिक वर्षांनी तरुण आहे. एकाच घराच्या अंगाचे आणि चेहऱ्याचे वय वेगळे असू शकते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

खिडक्यांखाली चार खंड दाखवले आहेत. युरोपजवळ चर्च, आशियाजवळ घुमटाची इमारत, आफ्रिकेचा माणूस मगरीवर, तर अमेरिकेच्या हाती तंबाखूची चिलीम. ऑस्ट्रेलिया नाही. डच खलाशी 1606 साली तिच्या किनाऱ्याला लागले होते, पण चित्रकारांच्या रूढीत खंड चारच राहिले. आणखी एक गोष्ट पाहा. युरोप आणि आशियाला इमारती मिळाल्या. आफ्रिकेला मिळाली मगर. त्या काळी आफ्रिकेत मोठी नगरे नव्हती काय? टिंबक्टूच्या मशिदी त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. तेव्हा हे चित्र आफ्रिकेविषयी फारसे सांगत नाही. जगाकडे पाहणाऱ्या युरोपीय नजरेविषयी मात्र पुष्कळ सांगते.

या खिडक्यांचा घाट रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुकाराला इतका आवडला, की 1870 नंतरच्या दशकात त्याने तो लंडनमधील आपल्या इमारतींत वापरला. 1980 साली इप्सविचच्या नगरपालिकेने हे घर ताब्यात घेतले आणि पुढे त्याची मोठी दुरुस्ती झाली.

आपल्या गावातील जुनी इमारत विद्यार्थ्यांना दाखवताना तीन प्रश्न विचारता येतील: वजन कशावर आहे? कोणता भाग नंतरचा, आणि कशावरून? ही सजावट कोणी, कोणाला दाखवण्यासाठी केली? शेवटच्या प्रश्नाला वेळ थोडा जास्त द्यावा.