क्रमनाम, स्थाननाम आणि अंगभूत नाम
(संगणकातील साठवण-साधनांच्या नामकरणाचा इतिहास, वाशीमच्या दाखल्यासह)

२००१ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याला महाराष्ट्राच्या यादीत ०६ हा क्रमांक होता. २०११ च्या जनगणनेत तोच जिल्हा ५०२ या क्रमांकाने नोंदला गेला. मधल्या दहा वर्षांत जिल्हा जागचा हलला नव्हता. त्याच्या अगोदर अकोला आणि नंतर अमरावती, हा शेजारही यादीत तसाच राहिला होता. बदलली होती ती मोजणीची रीत. २००१ मध्ये प्रत्येक राज्याची मोजणी एकपासून सुरू होत असे व महाराष्ट्रात ती नंदुरबारपासून निघे. २०११ मध्ये सर्व देशाचे जिल्हे एकाच मालिकेत ओवले गेले आणि नंदुरबारच ४९७ व्या स्थानी जाऊन बसले. दोन जनगणनांचे तक्ते शेजारी ठेवून तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकास प्रथम एक जुळणी-पत्रक करावे लागते, ते याच कारणाने. क्रमाने मिळालेल्या नावात नामी वस्तूपेक्षा मोजणाऱ्याचीच वार्ता अधिक असते.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमपुढे, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीपुढे, हाच प्रश्न गेली पन्नासांहून अधिक वर्षे निरनिराळ्या रूपांत उभा राहत आला आहे. संगणकाला जोडलेल्या डिस्का अनेक असू शकतात. त्यांतील प्रत्येकीस नाव हवे, आणि आज जे नाव जिचे आहे ते उद्या यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही तिचेच असले पाहिजे. ही अपेक्षा ऐकावयास साधी वाटते. ती पुरी व्हावयास मात्र तीन दशकांहून अधिक काळ लागला.

१९६९ नंतर बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्स प्रणालीत प्रत्येक साधन ही एक फाइलच मानली गेली आणि अशा फाइलींना ‘डेव्ह’ नावाच्या निर्देशिकेत स्थान मिळाले. डिस्कचे नाव तिच्या जातीवरून व क्रमांकावरून पडे. ‘आरके’ जातीची शून्य क्रमांकाची डिस्क ती ‘आरके०’. हा क्रमांक यंत्राच्या अंगावर प्रत्यक्ष ठरविलेला असे. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या काही डिस्क-यंत्रांना तर क्रमांकाची एक खुंटीच असे. ती उपसून दुसऱ्या यंत्रात बसविली की नावही त्या दुसऱ्या यंत्राकडे जाई. यंत्रे मोठी, थोडी आणि जाणकारांच्या नजरेखालची असल्यामुळे ही व्यवस्था निभावली. पुढे सोलॅरिस प्रणालीने नियंत्रक, लक्ष्य, डिस्क व तिचा भाग अशी चार पायऱ्यांची नावे रूढ केली. ती स्थाननामे होत. गल्ली व घर सांगणारा पत्ताच तो. घरात कोण राहतो, ते पत्त्यावरून कळत नाही.

घरगुती संगणकांवर डॉस प्रणालीने अक्षरांची पद्धत रुजविली. फ्लॉपीसाठी ‘ए’ व ‘बी’, कायम डिस्कसाठी ‘सी’. येथे क्रमाचा दोष उघडा पडला. डॉस प्रथम प्रत्येक डिस्कच्या मुख्य विभागास अक्षर देई, मग उरलेल्या विभागांकडे वळे. एकाच डिस्कचे ‘सी’ व ‘डी’ असे दोन विभाग करून कोणी सुखाने राहत असेल आणि त्याने दुसरी डिस्क आणून जोडली, तर तिच्या मुख्य विभागास ‘डी’ हे अक्षर मिळे आणि जुना ‘डी’ निमूटपणे ‘ई’ होई. ‘डी’ वर आपली फाइल आहे असे समजणारा प्रत्येक कार्यक्रम मग भलत्याच दारावर थाप मारी. नवा पाहुणा आल्यावर घरातल्या थोरल्याने नाव बदलून घ्यावे, तसाच हा प्रकार.

लिनक्समध्ये, जिचा आरंभ १९९१ चा, दोन्ही पद्धती काही काळ शेजारी नांदल्या. आयडीई जातीच्या डिस्कांना स्थाननाम मिळे: पहिल्या केबलवरील पहिली ती ‘एचडीए’, दुसरी ‘एचडीबी’, दुसऱ्या केबलवरील पहिली ‘एचडीसी’, मग ‘एचडीबी’ अस्तित्वात असो वा नसो. स्कझी जातीच्या डिस्कांना मात्र सापडण्याच्या क्रमाने ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे पडत. मधली एखादी डिस्क काढली की पुढच्या सर्वांची नावे एकेक घर मागे सरत. युएसबीच्या डिस्काही याच मालिकेत आल्या. इतक्या की, यंत्र सुरू करताना विसरून राहिलेली खिशातली छोटी डिस्कही ‘एसडीए’ हे अग्रमान पटकावू शके. नंतर वेळ वाचविण्यासाठी अनेक डिस्कांचा शोध एकाच वेळी घेतला जाऊ लागला. मग काहीही न काढता, न जोडता, केवळ एखादी डिस्क क्षणभर उशिरा जागी झाली एवढ्यानेही नावांची अदलाबदल शक्य झाली.

यातील धोका शाब्दिक नव्हे. कोणती डिस्क कोठे जोडावयाची याचे एक पत्रक प्रणाली बाळगते आणि त्यातील नाव चुकले तर यंत्र सुरूच होत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ‘एसडीबी’ पुसून नव्याने सज्ज करा, अशी आज्ञा देणाऱ्या माणसाच्या मनात कालची ‘एसडीबी’ असते. प्रणाली आजची पुसते, आणि तीवरचे काम बहुधा परत मिळत नाही. २००६–०७ च्या सुमारास कर्नलमधील बदलामुळे जुन्या आयडीई डिस्काही ‘एसडी’ मालिकेत ओढल्या गेल्या. तेव्हा ज्या ज्या पत्रकांत ‘एचडीए’ लिहिलेले होते ती एका दिवसात शिळी झाली.

उपाय शोधण्याचे प्रयत्न तोपर्यंत सुरू झालेच होते. २००० मध्ये रिचर्ड गूच यांची ‘डेव्हएफएस’ ही योजना कर्नलमध्ये आली. कर्नलनेच नावे ठरवावीत असा तिचा कल होता, आणि ती २००६ मध्ये काढून टाकण्यात आली. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी मांडलेली ‘युडेव्ह’ योजना उलट दिशेची होती. कर्नलने फक्त साधन सापडल्याची वर्दी द्यावी. नाव देणे हे बाहेरच्या नियमांचे काम. या नियमांनी एकाच डिस्कला अनेक उपनामे दिली: एक तिच्या जोडणीच्या स्थानावरून, एक कारखान्याने दिलेल्या अनुक्रमांकावरून, एक माणसाने लिहिलेल्या नामपट्टीवरून आणि एक तिच्यावरील फाइल-व्यवस्थेत कोरलेल्या १२८ अंशांच्या यादृच्छिक संख्येवरून. शेवटचीस ‘यूयूआयडी’ म्हणतात. ‘एसडीए’ हे क्रमनाम नाहीसे झाले नाही. त्याच्यावर विसंबण्याची गरज मात्र संपली.

ही शेवटची जात भाषाभ्यासकास विशेष उद्बोधक वाटावी. तीत नाव वस्तूच्या आत लिहिलेले असते. वस्तू कोठेही नेली तरी ते बरोबर जाते. वाशीममध्ये याचा फार जुना दाखला आहे. १९३९ मध्ये तेथे वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. चौथ्या शतकातील हे दानपत्र त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षीचे असून वंशावळीचा भाग संस्कृतात व उरलेला प्राकृतात आहे. कोणी, कोठून आणि कोणाच्या वंशात जन्मून हे दान दिले, ते पत्र्यावरच कोरलेले आहे. ‘वत्सगुल्म’ हे नाव त्यातच आहे. ताम्रपट मूळ धन्याच्या घरून शेकडो कोस दूर सापडला असता तरी त्याची ओळख बुजली नसती. किंबहुना या अंगभूत साक्षीमुळेच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांना अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखात पूर्वसूरींनी चुकीचे वाचलेले ‘सर्वसेन’ हे नाव निश्चित करता आले. त्याच लेखात आलेला ‘विंध्यसेन’ हा ताम्रपटातील विंध्यशक्तीच होय, हेही ठरले. एकाच नामीकडे नेणारी दोन उपनामे, ‘युडेव्ह’ ज्यांचे जाळे विणते तशी.

माणसाने लिहिलेल्या नामपट्टीची गोष्ट वेगळी. ती वाचावयास सोपी, पण अद्वितीय असेलच असे नाही. रेड हॅट लिनक्स एके काळी मूळ विभागावर सर्वत्र एकच ठराविक पट्टी लावी. अशा एका यंत्राची डिस्क दुसऱ्यात बसविली की एका नावाचे दोन धनी उभे राहत आणि प्रणाली गोंधळे. वाशीम जिल्ह्यातील लोकांस ही अडचण अपरिचित नाही. मालेगाव म्हटले की बाहेरच्यास नाशिक जिल्ह्यातील मालेगाव आठवते, म्हणून येथले ‘मालेगाव जहांगीर’. वर्धा जिल्ह्यातील कारंजा ‘घाडगे’, म्हणून येथले कारंजा ‘लाड’. अमरावतीकडील मंगरूळ ‘दस्तगीर’, तर येथले ‘पीर’. लोकभाषेने विशेषण जोडून जे साधले, ते यूयूआयडी बत्तीस अंकाक्षरांच्या लांबीने साधते. फरक एवढाच की, ही बत्तीस अक्षरे कोणी तोंडाने उच्चारीत नाही. बोलावयास नामपट्टी आणि नोंदीस यूयूआयडी, अशी वाटणी म्हणूनच टिकली. उबुंटूने २००६ मधील ६.१० या आवृत्तीपासून जोडणीच्या पत्रकात यूयूआयडी लिहिण्यास आरंभ केला.

तथापि अंगभूत नामही सर्वस्वी निर्दोष नाही. डिस्कची हुबेहूब प्रत केली की तिच्या यूयूआयडीचीही प्रत होते आणि जुळ्यांचे नाव एकच होते. एक्सएफएस ही फाइल-व्यवस्था अशा वेळी दुसरीस जोडून घेण्यास सरळ नकार देते, आणि तो नकार रास्त होय. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे: नाव कोणाचे? कारखान्याचा अनुक्रमांक पोलाद-काचेच्या देहाचा आहे; यूयूआयडी त्यावरील रचनेचा. डिस्क पुसून पुन्हा सज्ज केली की देह तोच राहतो, यूयूआयडी नवा येतो, आणि नामपट्टी मात्र मालक हौसेने जुनीच लावू शकतो.

वाशीम जिल्ह्याचे नेमके असेच झाले आहे. वऱ्हाडातील जुना बासीम जिल्हा बासीम, मंगरूळ व पुसद या तालुक्यांचा होता. १९०५ मध्ये तो मोडला. बासीम व मंगरूळ अकोल्यास आणि पुसद यवतमाळास जोडले गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला, तो वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा अशा सहा तालुक्यांचा. पुसद त्यात नाही; कारंजा जुन्यात नव्हते. नामपट्टी जुनी आहे, रचना नवी. १९०५ पूर्वीचे आकडे आणि १९९८ नंतरचे आकडे केवळ नावाच्या साम्यावर एका रकान्यात मांडणारा अभ्यासक, प्रणाली ज्या चुकीपासून आता सावध झाली आहे तीच चूक करतो. त्याने ‘बासीम’, मधल्या ९३ वर्षांसाठी ‘अकोला’ व पुसदपुरते ‘यवतमाळ’, आणि मग ‘वाशीम’ अशा चारही दप्तरांत शोध घ्यावयास हवा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या सीमांचा आहे हे लिहून ठेवावयास हवे.