स्यूडोमोनासच्या पुडीची कुळकथा

बऱ्हाणपूरपासून रावेरपर्यंतच्या केळीपट्ट्यात ‘स्यूडोमोनास’ हे नाव आता रुळले आहे. पुडीतली पांढरट भुकटी म्हणजे शंखजिरे; गुण आहे तो त्यात मिसळलेल्या जिवंत स्यूडोमोनास जिवाणूंचा. त्यांचे कूळ मातीतलेच.

मुळांतून साखर आणि आम्ले पाझरतात, त्यांवर असंख्य जिवाणू पोसतात. मुळांलगतच्या या मातीला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी 1904 मध्ये ‘ऱ्हायझोस्फिअर’ म्हटले. त्यातले काही जिवाणू पिकाची राखण करतात, हे कॅलिफोर्नियात मिल्टन श्रॉथ आणि जोसेफ क्लोपर यांनी दाखवले. 1980 मध्ये त्यांच्या गटाने त्यामागची युक्तीही उलगडली. स्यूडोमोनास एक द्रव्य सोडतो आणि मातीतले लोह बांधून ठेवतो. लोहावाचून रोगकारक बुरशी उपाशी राहते. शर्कराकंदाच्या बियाण्याला असे जिवाणू लावून पेरले, तेव्हा मुळांवरची बुरशी घटली आणि उत्पादन वाढले. श्रॉथ आणि त्यांचे सहकारी सस्लो यांनी हे 1982 मध्ये मांडले.

पण प्रयोगशाळेतला जिवाणू शेतापर्यंत जिवंत पोहोचवायचा कसा? कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठात विद्याशेखरन आणि मुथामिलन यांनी हरभऱ्याच्या मर रोगासाठी शंखजिऱ्यातली भुकटी तयार केली. ते काम 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हाच जिवाणू केळीच्या मर रोगावरही वापरला गेला. कंदाला लावून, मातीत मिसळून, कॅप्सूलमध्ये भरूनही.

बऱ्हाणपूरला त्याची गरज मोठी आहे. ग्रँड नैनसारख्या कॅव्हेंडिश केळीवर पडणाऱ्या पनामा मर रोगाच्या ‘टीआर-4’ या प्रकाराने बाधित भागांत कटिहार, फैजाबाद, सुरत यांच्याबरोबर बऱ्हाणपूरचेही नाव आले. ही बुरशी मुळांतून शिरते, पाणी वाहणाऱ्या नलिका कोंडते आणि एकदा आली की मातीत कित्येक वर्षे तग धरते.

म्हणून या पुडीकडून नेमकी अपेक्षा ठेवायला हवी. स्यूडोमोनास पिवळे पडलेले झाड उठवत नाही. बुरशीच्या आधी मुळांवर ठाण मांडतो, तेव्हाच कामाला येतो. शेतकरी बंधूंनो, पुडीवरची मुदत पाहा, पुडी उन्हात ठेवू नका, रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नका. लागवडीच्या वेळीच शेणखतातून द्या. आणि रोगट बागेतले मुनवे कितीही स्वस्त मिळाले, तरी आपल्या शेतात आणू नका.