एका पेशीच्या दोन पेशी : एका शोधाचा इतिहास

जीवशास्त्राच्या शालेय पुस्तकात पेशीविभाजनाची चार चित्रे हमखास असतात. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत रेखाटतात, भागांना नावे देतात आणि गुण मिळवून मोकळे होतात. परंतु ही चार चित्रे जुळवण्यास माणसाला किती काळ लागला आणि त्यापायी कोणाला काय सोसावे लागले, हे पुस्तकात येत नाही. तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

पेशीला नाव मिळाले ते १६६५ साली. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात दिसलेल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटले. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १८३८-३९ मध्ये, श्लायडेन व श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी सर्व वनस्पती आणि प्राणी पेशींचेच बनलेले असतात असे प्रतिपादन केले. हा सिद्धांत आजही उभा आहे. पण नवी पेशी येते कोठून, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर साफ चुकीचे होते. साखरेच्या पाकात खडीसाखरेचे खडे जमावेत, तशा एका द्रवात पेशी आपोआप जमून येतात, असे ते मानीत असत.

हे मत खोडून काढणाऱ्यांत रॉबर्ट रेमाक याचे नाव पहिल्या रांगेत घ्यावयास हवे. पोझेनचा हा ज्यू तरुण बर्लिन विद्यापीठात वैद्यक शिकला आणि १८३८ मध्ये पदवीधर झाला. कोंबडीच्या अंड्यात वाढणाऱ्या गर्भाचे रक्त तपासत असताना एका तांबड्या पेशीच्या दोन पेशी होत असल्याचे त्याला आढळले. १८४१ मध्ये त्याने ते जाहीर केले. परंतु प्रशियातील त्या वेळच्या नियमांप्रमाणे ज्यू माणसाला विद्यापीठात अध्यापक होता येत नसे. धर्म बदलला असता तर दार उघडले असते; त्या काळात कित्येकांनी तो मार्ग धरला. रेमाकने धरला नाही. १८४३ मध्ये त्याने थेट राजाकडे अर्ज केला, तो नामंजूर झाला. उदरनिर्वाहासाठी रुग्ण तपासावयाचे आणि उरलेल्या वेळात योहानेस म्युलर यांच्या प्रयोगशाळेत बिनपगारी संशोधन करावयाचे, असा त्याचा क्रम होता. १८४७ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यासारख्यांनी शब्द टाकल्यावर त्याला व्याख्याता होता आले आणि १८५९ मध्ये दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद मिळाले. पूर्ण प्राध्यापक तो कधीच झाला नाही. १८६५ मध्ये वयाच्या पन्नाशीत तो वारला.

१८५२ मध्ये रेमाकने निःसंदिग्धपणे सांगितले की, प्राण्यांमधील नवी पेशी आधीच्या पेशीच्या विभाजनानेच निर्माण होते. तीन वर्षांनी रुडॉल्फ फिर्खो या मोठ्या नावाच्या वैद्याने, प्रत्येक पेशी पेशीपासूनच उद्भवते, अशा आशयाचे एक सुटसुटीत लॅटिन सूत्र प्रसिद्ध केले. जगाने ते उचलले आणि आजही पाठ्यपुस्तकात ते फिर्खोच्याच नावावर आहे. सूत्र सुंदर आहे, यात वाद नाही. पण ज्याने वर्षानुवर्षे डोळे शिणवून पुरावा जमवला त्याला श्रेयाचा वाटा मिळाला नाही, असेच बहुतेक इतिहासकार म्हणतात आणि ते योग्यच वाटते.

पेशी दुभंगते एवढे ठरले, तरी आत काय घडते हे दिसत नव्हते. पेशी पारदर्शक, काचेवर पाण्याचा थेंब पाहावा तसा प्रकार. येथे मदतीला आला कापडरंगाचा धंदा. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनाइन बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन झाले नाही, जांभळा रंग मात्र हाती आला. त्यातून कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले. हे रंग कापडावर चढतात तसेच पेशीतील काही भागांवर चढतात आणि काहींवर चढत नाहीत, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात येण्यास फार काळ लागला नाही.

जर्मनीतील कील येथील प्राध्यापक वाल्टर फ्लेमिंग याने या रंगांचा उपयोग विलक्षण चिकाटीने केला. त्याने अभ्यासासाठी निवडला सॅलॅमँडर, म्हणजे शेपटी असलेला, बेडकाच्या दूरच्या नात्यातला प्राणी. ही निवडच अर्धे यश होते, कारण सॅलॅमँडरच्या पेशी मोठ्या असतात आणि त्याच्या पिलांच्या शेपटीचे पर इतके पातळ असतात की जिवंत पेशीही पाहता येते. केंद्रकातील जो पदार्थ रंग ओढून घेतो त्याला फ्लेमिंगने ‘क्रोमॅटिन’ म्हटले. विभाजनाची वेळ आली की हा पदार्थ आखडून जाड धाग्यांसारखा होतो, धागे पेशीच्या मध्यभागी येतात आणि मग दोन टोकांकडे ओढले जातात. ग्रीक भाषेत धाग्याला ‘मिटोस’ म्हणतात. त्यावरून त्याने या क्रियेला ‘मायटोसिस’ नाव दिले. आपल्याकडचा ‘सूत्री विभाजन’ हा शब्द त्याचेच चोख रूप होय. धाग्यांना ‘क्रोमोसोम’ हे नाव मात्र वाल्डायर याने १८८८ मध्ये दिले. मराठीत त्याला रंगसूत्रही म्हणतात आणि गुणसूत्रही. पहिला शब्द रंगाऱ्याच्या पिंपाची आठवण ठेवतो आणि दुसरा त्या धाग्याच्या कामाची.

फ्लेमिंगचा १८८२ चा ग्रंथ म्हणजे या विषयातील मैलाचा दगड. त्यातले मर्म एका निरीक्षणात आहे : प्रत्येक धागा उभा चिरला जातो. आडवा नव्हे, उभा! लाकूड आडवे तोडले तर दोन तुकडे वेगळे होतील. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत उभे फाडले तर दोन्ही फाकांत सारे काही सारखे राहील. निसर्गाने एवढी काळजी घ्यावी असे या धाग्यांत आहे तरी काय? उत्तर त्या वेळी छापील स्वरूपात उपलब्ध होते. ग्रेगोर मेंडेल याचा वाटाण्यावरील निबंध १८६६ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पण तो कोणी वाचलाच नव्हता म्हटले तरी चालेल. १९०० मध्ये त्याचा पुन्हा शोध लागेपर्यंत धागे एकीकडे आणि आनुवंशिकता दुसरीकडे अशीच स्थिती राहिली.

दोन्ही टोके जोडण्याचे काम अमेरिकेत सटन याने आणि जर्मनीत थिओडोर बोव्हेरी याने केले. १९०२ मध्ये बोव्हेरीने सी-अर्चिन या काटेरी समुद्रप्राण्याच्या अंड्यांत एकाऐवजी दोन शुक्रपेशी शिरू दिल्या. गुणसूत्रांची वाटणी विस्कटली. कोणत्या पेशीला जास्त, कोणत्या पेशीला कमी. असे बहुतेक गर्भ विकृत वाढले किंवा मेले. प्रत्येक गुणसूत्राचे काम निराळे आहे आणि पूर्ण संच मिळाल्याशिवाय पेशीचे चालत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. १९१४ मध्ये त्याने पुढचे पाऊल टाकले. कर्करोगाची गाठ म्हणजे अशाच विस्कटलेल्या वाटणीची परिणती असेल काय, असा विचार त्याने एका छोट्या पुस्तकात मांडला. दुसऱ्याच वर्षी तो वारला.

येथे आपल्या परिचयाच्या एका औषधाचा उल्लेख करणे भाग आहे. युनानी हकीम सांधेदुखी आणि गाऊटवर सुरंजान देत आले आहेत. इब्न सीनाच्या काळापासून त्याची ख्याती आहे. त्याच्या जातीच्या कंदातील कोल्चिसीन हे द्रव्य १८२० मध्ये फ्रान्समध्ये वेगळे करण्यात आले. सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या विषारी कंदातही हेच द्रव्य असते. १९३० नंतरच्या दशकात असे स्पष्ट झाले की, कोल्चिसीनमुळे विभाजन ऐन मध्यावस्थेत थांबते, कारण गुणसूत्रांना ओढून नेणाऱ्या तर्कूचे तंतू बनतच नाहीत. मग संशोधकांनी त्याचा उपयोग घड्याळ थांबवण्यासारखा केला. माणसाची गुणसूत्रे ४८ असतात, असे १९२३ पासून सर्व पुस्तके सांगत होती. जावात जन्मलेले जो हिन त्यियो आणि स्वीडनचे अल्बर्ट लेव्हान यांनी लुंड येथे कोल्चिसीन वापरून पेशी थांबवल्या, गुणसूत्रे पसरली आणि मोजली. ती ४६ भरली. १९५६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तीस वर्षांहून अधिक काळ जाणत्या लोकांनी ४८ आकडा पाठ केला होता, हे विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.

आता खरा बिकट प्रश्न. विभाजन कसे होते ते कळले, पण ‘आता विभाग’ असा हुकूम पेशीला कोण देतो? आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. हे काम थांबले तर माणूस दगावतो, आणि भलत्या ठिकाणी बेसुमार चालू राहिले तरी दगावतो.

१९५३ मध्ये लंडनला अल्मा हॉवर्ड व स्टीफन पेल्क यांनी घेवड्याच्या जातीच्या बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन दाखवले की, डीएनएची नक्कल विभाजनाच्या वेळी होत नाही, ती आधीच्या एका ठरावीक काळात होते आणि तिच्या मागेपुढे मोकळा अवधी असतो. ज्याला सर्वजण ‘विश्रांतीचा काळ’ म्हणत होते, त्यातच पेशीची खरी तयारी चालते.

१९७० मध्ये कोलोराडो येथे भारतात जन्मलेले डॉ. पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी वेगवेगळ्या टप्प्यांतील दोन पेशी एकमेकींत विलीन करून पाहिल्या. विभाजन चालू असलेल्या पेशीत विश्रांत पेशी मिसळली की दुसरीचे केंद्रकही अवेळी धागे आखडू लागे. म्हणजे हुकूम पेशीद्रव्यात विरघळलेला होता! या प्रयोगातील पेशी ‘हेला’ जातीच्या होत्या. हेन्रिएटा लॅक्स या एकतीस वर्षांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन मातेच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ मध्ये त्या घेतल्या गेल्या. तिला विचारले नव्हते. ती त्याच वर्षी वारली, पेशी आजही जगभर वाढत आहेत. तिच्या वंशजांशी एका अमेरिकन कंपनीने तडजोड केली ती २०२३ मध्ये. ज्ञानाच्या जमाखर्चात ही बाजूही लिहिली पाहिजे.

हुकूम देणारा पदार्थ कोणता, याचा माग तीन वाटांनी लागला. योशिओ मासुई यांनी बेडकाच्या पक्व अंड्यातील द्रव अपक्व अंड्यात टोचून त्याला जागे केले. अमेरिकेत लीलँड हार्टवेल यांनी पावात वापरतात त्या यीस्टमध्ये विभाजन अडवणारे दोष शोधून शंभरावर जनुकांची यादी केली. ब्रिटनमध्ये पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये कळीचे एक जनुक पकडले आणि १९८७ मध्ये त्याचे मानवी जनुक यीस्टमध्ये घालून दाखवले. यीस्ट सुरळीत विभागू लागले. माणूस आणि यीस्ट यांचे पूर्वज वेगळे होऊन शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी हा कारभारी बदललेला नाही. हे जनुक एक विकर बनवते, जे इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून कामाला लावते.

पण विकर तर पेशीत सदैव असते. मग ते ठरावीक वेळीच कसे जागे होते? १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावर वुड्स होल येथे टिम हंट हे सी-अर्चिनची अंडी तपासत होते. एक प्रथिन हळूहळू साठत जाई, आणि पेशी दुभंगण्याच्या जरा आधी एकाएकी नाहीसे होई. पुढच्या फेरीत पुन्हा साठे. त्याला त्यांनी ‘सायक्लिन’ म्हटले. पुढे कळले की, सायक्लिन विकराला चिकटले की हुकूम सुटतो आणि सायक्लिन नष्ट झाले की हुकूम संपतो. हार्टवेल, नर्स व हंट यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्रणेत नाकेही आहेत. डीएनएला इजा झाली असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत पेशी थांबते, आणि एक जरी गुणसूत्र तर्कूला नीट जोडलेले नसेल तरी वाटणी सुरू होत नाही. पी-५३ हे प्रथिन पहिल्या नाक्यावरचे पहारेकरी. मानवी कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत तेच बिघडलेले असते. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिंक्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन ही औषधे तर्कूचे तंतूच बनू देत नाहीत, म्हणून ती रक्ताच्या कर्करोगासारख्या रोगांत दिली जातात. ती निरोगी पेशींनाही सोडत नाहीत, हा त्यांचा दोष. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पाल्बोसिक्लिब हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध सायक्लिनच्या जोडीदार विकरांनाच नेमके अडवते.

बोव्हेरीचा १९१४ चा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. बहुतेक गाठींतील पेशींत गुणसूत्रांचा हिशोब चुकलेला आढळतो, हे खरे. पण रोग त्यातून सुरू होतो, की रोग सुरू झाल्यावर हिशोब बिघडतो, यावर प्रयोगशाळांतून आजही वाद चालू आहे.