नासिक, नाशिक आणि लिबकर्ल : एका निरक्षर जासुदाचा इतिहास

पत्र पोहोचविणाऱ्या जासुदाला पत्रातील मजकूर वाचता येण्याची आवश्यकता नसते. पत्ता अचूक असला म्हणजे त्याचे काम भागते. महाजालावरून मजकूर व फाइली आणून देणाऱ्या ‘लिबकर्ल’ या सुटसुटीत लायब्ररीची घडण अशीच आहे. पत्ताच मराठीत असला म्हणजे हा जासूद कोठे अडतो, हे नाशिक या एका ग्रामनामावरून दिसून येते.

१९९६ च्या अखेरीस स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांना चलनांचे दर महाजालावरून आपोआप मिळवावयाचे होते. त्यासाठी ब्राझीलच्या राफाएल सागुला यांचा ‘एचटीटीपीगेट’ हा लहानसा प्रोग्राम त्यांनी हाती घेतला. त्यात भर पडत जाऊन २० मार्च १९९८ रोजी तो ‘कर्ल’ या नावाने प्रसिद्ध झाला, आणि २००० मध्ये त्याचा गाभा लिबकर्ल या लायब्ररीच्या रूपाने इतर प्रोग्रामांना उपलब्ध झाला. त्यांनी पत्ता सोपवावा, लिबकर्लने सर्व्हरकडे विनंती करावी आणि आलेले उत्तर त्यांच्या हवाली करावे, अशी ही व्यवस्था. उत्तराच्या भाषेची चौकशी ती करीत नाही.

पत्त्याची गोष्ट मात्र निराळी. १९९४ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार महाजालावरील पत्त्यात रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हे यांनाच स्थान होते. देवनागरीला १९९१ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली होती. परंतु १९९२ मध्ये योजलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत तिचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे होते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंकाक्षरे अशा तीन खुणांनी लिहावा लागतो. ‘नाशिक’ या शब्दात मात्रा धरून ५ चिन्हे आहेत. त्यांचे १५ बाइट व ४५ खुणा होतात. हे रूपांतर करूनच पत्ता द्यावा, अशी लिबकर्लची अट आहे. म्हणजे लिपीचा भार विनंती करणाऱ्यावर पडतो.

याहून मोठी अडचण भाषेची आहे. पांडवलेण्यांतील सातवाहनकालीन प्राकृत शिलालेखांत या गावाचे नाव ‘नासिक’ असे दन्त्य सकाराने येते. इकारापूर्वीच्या सकाराचा मराठीत शकार होतो. प्राकृत ‘सिव्व’ पासून ‘शिवणे’, ‘सिज्झ’ पासून ‘शिजणे’. ‘नाशिक’ हे रूप याच प्रवृत्तीला धरून आहे. अभ्यासकाला जो ध्वनिनियम, तो यंत्राच्या लेखी १५ बाइटांपैकी एकाचा फरक : १८४ च्या जागी १८२. दोन्ही रूपे एकाच गावाची आहेत, हे सर्व्हरवर कोणी आधी नोंदविले नसेल तर उत्तर येते ४०४, म्हणजे ‘सापडले नाही’.

येथेच अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. निराळी सूचना नसेल तर लिबकर्ल ४०४ या उत्तरासही यशस्वी वाहतूकच मानते. तिच्या दृष्टीने निरोप पोहोचला व उत्तर आले. मराठी मजकुराचा संग्रह अशा साधनाने करणाऱ्याच्या हाती नकाराचे पान लेख म्हणून जमा होऊ शकते, आणि एका रूपाखालील लेखन अस्तित्वातच नव्हते असा निष्कर्ष निघू शकतो. यात लायब्ररीचा दोष नाही; भाषेविषयी उदासीन राहिल्यामुळेच तिला सर्व भाषांची सेवा करता आली. परंतु शब्दाची रूपे जाणून ती सर्व मागणे, हे काम आजही भाषेच्या अभ्यासकाचेच आहे.