फटफटीचें दुखणें आणि माहूलचें तेल

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, ट्रॉम्बेच्या डोंगराजवळ, खाडीच्या चिखलाला लागून माहूल हें कोळी-आगऱ्यांचें जुनें गांव आहे. त्याच्या शेजारीं 1954 सालीं स्टॅनव्हॅक कंपनीचा व 1955 सालीं बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. त्याच 1955 सालीं मद्रासेस ‘एनफिल्ड इंडिया’ ही कंपनी स्थापन होऊन ‘बुलेट’ मोटार-सायकल ह्या देशांत तयार होऊं लागली. ह्या दोन घटनांचा एकमेकींशीं उघड संबंध कांहींच नव्हता. परंतु जुन्या बुलेटचें इंजिन आज कोणी उघडलें, तर आंत जी हानि दिसते तिचा शोध घेतां घेतां मनुष्य बहुधा तेलापाशींच येऊन पोंचतो.

मराठी माणसानें ह्या वाहनाला ‘फटफटी’ हें नांव दिलें तें त्याच्या आवाजावरून. आणि मिस्त्रीही दुखणें प्रथम आवाजावरूनच ओळखतो. इंजिन थंड असतां खडखडतें आणि तापल्यावर शांत होतें, तर पिस्टन व सिलिंडर ह्यांमधील फट वाढली असें समजावें. वरच्या बाजूस बारीक टकटक असेल तर ती टॅपेटची. ती थोड्या श्रमानें बसवितां येते. मात्र चढावर, इंजिनावर भार पडतांच खालून ठोक्यासारखा जड आवाज येऊं लागला, तर बिग-एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचा खालचा सांधा, गेला असें धरून गाडी तेथेंच उभी करावी. घरापर्यंत नेऊं म्हणणाऱ्याचा रॉड वाटेंतच तुटून इंजिनाची पेटी फोडण्याचा संभव असतो.

पुष्कळदां जुनी गाडी वर्षानुवर्षें बंदच असते. खाडीकांठच्या खाऱ्या, दमट हवेंत सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढून रिंगा तेथेंच चिकटतात. अशा गाडीला उत्साहानें लाथेवर लाथ मारणें हा शुद्ध अविचार होय. प्लग काढून आंत पातळ तेल सोडावें, एक-दोन दिवस वाट पाहावी आणि मग हातानें चाक फिरवून इंजिन हलतें कीं नाहीं तें पाहावें. खालचें जुनें तेल गाळून पाहिलें म्हणजे निम्मी हकीकत कळते. त्यांत चंदेरी कपचे आढळले तर बुलेटच्या बिग-एंडच्या बुशवरचा पांढऱ्या मिश्रधातूचा थर सुटला असल्याची शंका घ्यावी.

हा थर कां सुटतो? बुलेटच्या इंजिनाचा व्यास 70 मिलिमीटर व धांव 90 मिलिमीटर. मिनिटाला 4000 फेरे होत असतां पिस्टन सरासरीनें सेकंदाला 12 मीटर वेगानें खालींवर जात असतो. त्या धडपडींत धातु धातूला लागत नाहीं ती केवळ तेलाच्या पातळ पडद्यामुळें. मोटार-सायकलींच्या आरंभकाळीं स्वारालाच मधून मधून हातपंप दाबून इंजिनाला तेल पाजावें लागे. विसरला कीं इंजिन जाम! पुढें हें काम यंत्रावर चालणाऱ्या पंपांनीं घेतलें. बुलेटमध्यें पंपाचें तेल गाळणींतून क्रँकच्या टोकाशीं येतें आणि तेथें तें बाहेर गळूं नये म्हणून बुचाच्या सालीची एक लहानशी चकती असते. ही चकती आक्रसली किंवा उलटी-सुलटी बसली, तर पंप व्यवस्थित चालत असूनही बिग-एंड उपाशी राहतो. कवडीमोलाच्या बुचानें सबंध इंजिनाचा घात करावा, ह्यासारखा चमत्कार यंत्रशास्त्रांत थोडाच!

म्हणून नवीन बुश बसवून मोकळा होणारा मिस्त्री खरा वैद्य नव्हे. क्रँक सोडवून नवा सांधा बसविल्यावर तो दोन टोकांमध्यें धरून फिरवून सरळ करावा लागतो. सिलिंडरला ओरखडे असल्यास तो लेथवर वा बोअरिंग यंत्रावर मोठा करून मापाचा पिस्टन घालावा लागतो. पण तेलाच्या वाटा तारेनें व हवेनें साफ केल्यावांचून पेटी बंद केली, तर तोच ठोका पुन्हां ऐकूं येतो.

अलीकडे पेट्रोलही तपासांत धरावें लागतें. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें. हवेच्या दृष्टीनें तें इष्टच होतें, पण जुन्या इंजिनांतील एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला शिशाचा जो आधार होता तो गेला. पुढें 20 टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल आलें. इथेनॉलमध्यें प्राणवायु असल्यानें जुन्या कार्बुरेटरचें मिश्रण विरळ होतें, इंजिन अधिक तापतें, आणि पिस्टनच्या एक्झॉस्टकडील अंगावर ओरखडे उमटतात. येथें तेलाला दोष देऊन चालत नाहीं; जेट मोठा करावा लागतो.

वंगणाचा कारखानाही ह्याच परिसरांत 1969 सालीं सुरू झाला. 1974 सालीं तो हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आला, आणि बर्मा-शेलचा कारखाना 1976 सालीं सरकारनें घेतला. गाडी दुरुस्त झाल्यावर पहिले कांहीं शेंकडे किलोमीटर ती हळू चालवून तेल लवकर बदलावें लागतें. तें गरम असतांनाच काढून पांढऱ्या फडक्यावर ओतावें आणि उजेडांत धरून पाहावें.